दोन आणे वारा

डीपी जळून सतरा दिवस झालेले
आणि ऊस काही थांबायला तयार नव्हता.
चरकाला डिझेल इंजिन होतं, उजेड आहे तोवर.
रात्रीच्या काहिलीला नुसता वारा हवा होता.
पंख्यापुरतं इंजिन चालवायचं म्हणजे
ढेकणासाठी बंदूक, असं लिंबराज म्हणाला,
आणि मला कळंबहून बोलावणं आलं.

मी निकहत. मोटारी भरते.
अब्बांच्या मागं दुकान मीच बघते.

शिराढोणच्या पुढं, मांजरेच्या अंगाला ते गुऱ्हाळ.
चुलाणाच्या बाजूला ट्रॅक्टरची बॅटरी,
तिच्या डोक्यावर गुणगुणणारा इन्व्हर्टर,
त्याच्यापुढं घरगुती ब्लोअर,
आणि ब्लोअरच्या तोंडावर
अर्धं ओढलेलं पत्र्याचं झाकण.
पहाटे तीनला सगळं गपगार व्हायचं,
नेमका रस घट्ट होऊ लागला की.
चिपाडं धुपायची, मैनाचे डोळे सुजायचे,
आणि गूळ चिकट राहायचा,
ढेपेत घातला तरी बसायचा नाही.

मी तारेला चिमटा लावला, आकडा बघितला.
इन्व्हर्टर नुसतं जागं राहायचंच
एवढं खात होता
की पंख्याच्या ताटात उरत होतं ते उष्टं.
तो काढला.
भंगारातल्या व्हॅनचा ब्लोअर आणला होता,
बारा व्होल्टचा, बॅटरीचीच बोली बोलणारा.
जोडायला वेल्डिंगची केबल, जाड, हातभरच.
बारीक आणि लांब तार म्हणजे
विहिरीपासून घरापर्यंत गळणारी घागर.

पत्रा उचकटून फेकला तेव्हा
गुळव्या उत्तरेश्वरमामा भडकला.
"मंग वारा कमी कसा करू? उतू जाईल की समदं."
मामा, वारा कोंडू नका. हळू करा.
बंद दाराला खांदा लावून उभा माणूस
कुठं जात नाही, तरी घाम गाळतोच.
ई-रिक्षातली घुंडी बसवली, अंगठ्याएवढी.
पंखा निम्म्यावर आणला
की भूक निम्मी होत नाही, मामा.
निम्म्याची निम्मी, आणि तिचीही निम्मी.
"म्हंजी?"
म्हणजे रुपयातले दोन आणे.

व्होल्ट त्यानं बाजूला सारले,
आणे मात्र दोन बोटांत धरून बघितले.

मग रात्र.
मैना चिपाडं सारत होती, मुठीमुठीनं,
मी मीटर मांडीवर घेऊन बसलेले.
बारा पॉइंट पाच. बारा पॉइंट चार. तिथंच.
मामा भेंडीचं पाणी टाकी, मळी ओढी,
आणि मान तिरकी करून रस ऐके.
आधी टाळ्यांसारखा वाजला,
मग भसक, भसक,
चिखलात म्हैस कूस बदलते तसा.

तीन वाजले. पंखा चालूच.
मला वाटलं कुणीतरी आता बरं म्हणेल.
मामानं वाकून घुंडी शून्यावर नेली.

बॅटरी आहे की अजून!
"हाय. पर जाळायची कामून?
इटा तापल्यात. आता त्या शिजवतील."

पाऊण तास गेला नसेल.
विटांनी तोंड न उघडता काहील पुढं नेली.
मामानं थेंब पाण्यात सोडला, गोळी वळली,
ताटलीवर मारली. टण्ण.

लिंबराजला देण्यासाठी मी वहीत लिहिलं:
इन्व्हर्टर, तार, घुंडी, किती वाचले.
विटांना रकाना नव्हता.
आडवी रेघ मारून पाडला,
समोर काय लिहावं ते सुचेना
आणि हाताला काकवी लागलेली, पान चिकटलं.

उठताना सहज चुलाणाकडं बघितलं.
तार सुटलेली, मीटरवर शून्य,
आणि पंख्याची पाती फिरत होती,
धुराड्याच्या ओढीनं,
सावकाश, कुणाचंही काही न खाता.